मांडीवरच्या गिटारीची कुळकथा

ब्रॉयलर बाजारात येईपर्यंत कोंबडी ही नुसती कोंबडी होती. मग ती ‘गावठी’ झाली. मोबाइल आले आणि घरातला फोन ‘लँडलाइन’ झाला. ‘नॉन-पेडल स्टील गिटार’ हे नाव असंच मागाहून चिकटलेलं आहे. जवळजवळ साठ वर्षं हे वाद्य पेडलाविना वाजत होतं आणि त्याला कुणी ‘बिनपेडलची’ म्हणत नव्हतं. पेडलवाली धाकटी बहीण आली, तिने बाजार काबीज केला, आणि थोरलीची ओळख तिच्यात काय नाही यावरून होऊ लागली.

नावातल्या ‘स्टील’नेही पुष्कळांची फसगत होते. ते तारांचं नाही, गिटारीच्या अंगाचंही नाही. ते डाव्या हातात धरायच्या पोलादी कांडीचं आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालायच्या आणि डाव्या हातातली कांडी तारांवर नुसती टेकवून सरकवायची. तार दाबायची नाही. आपल्या विचित्रवीणेवरचा बट्टा ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लगेच कळेल. हवाई बेटांच्या भाषेत या वाद्याला ‘कीका किला’ म्हणतात. कीका म्हणजे गिटार, किला म्हणजे पोलाद.

माझ्याकडे अशी एक गिटार आहे. सहा तारांची, चौकोनी मानेची, कोलकात्यात बनलेली. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ती हातात आली तेव्हा आधीच्या कुणा दुरुस्तीवाल्याने नवा पिकअप बसवण्यासाठी तिच्या छातीत पाच भोकं पाडून ठेवली होती, आणि त्यातली दोन चुकलेली होती. तारा ज्यावर टेकतात तो मेरू एका बाजूला झिजून तिरका झालेला, त्यामुळे कांडी ठेवली की जाड तार बोलायची आणि बारीक तार खुळखुळायची. मी ती मिरजेला नेली. तिथल्या सतारमेकर गल्लीत गिटार हे काही रोजचं काम नव्हे, पण कारागिराने ती मांडीवर घेतली, एक सरळ पट्टी सहाही तारांवर ठेवून डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘सगळ्या तारा एका पातळीत पाहिजेत. बाकीचं नंतर बघू.’’ हाडाचा नवा मेरू घासायला त्याला दीड दिवस लागला. दर दहा मिनिटांनी तो तीच पट्टी ठेवून बघायचा. त्या दीड दिवसात मला या वाद्याची गोम कळली. सगळा खेळ त्या सरळ पट्टीचा आहे.

हा खेळ सुरू झाला तो हवाईत. तिथे गिटार आली ती मेक्सिकन गुराख्यांबरोबर, 1830 च्या दशकात. हवाईच्या लोकांनी तिच्या तारा आपल्या कानाला रुचतील तशा सैल करून लावल्या. एकही बोट न ठेवता सहाही तारा छेडल्या की एक पूर्ण सुरावट, म्हणजे कॉर्ड, वाजावी अशी ती लावणी होती. तारा अशा लावलेल्या असल्या की त्यांच्यावर आडवी कांडी ठेवून ती सरकवली तर ती सुरावट जशीच्या तशी वर-खाली सरकते. पुढचं सगळं या लावणीच्या पोटात आधीच होतं.

ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकू हा मुलगा 1874 चा. कामेहामेहा शाळेत शिकत असताना, 1889 च्या सुमारास, त्याने तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवून पाहिला. आगगाडीच्या रुळांवरून चालताना सापडलेला बोल्ट, खिशातला चाकू, कंगवा अशा कथा सांगितल्या जातात. माझ्या मते महत्त्वाचं ते त्याच्या नंतरचं आहे. गंमत म्हणून तारेवर चाकू फिरवणारे जगात पुष्कळ झाले असतील. केकुकूने शाळेच्या कर्मशाळेत नीट घडवलेली कांडी करून घेतली, आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा लावल्या, तारा पडद्यांपासून वर उचलल्या, आणि त्या बदललेल्या गिटारीवर कित्येक वर्षं मेहनत केली. म्हणजे या वाद्याचा पहिला वादक हाच त्याचा पहिला बदल करणारा होता.

या कथेत एका हिंदुस्थानी माणसाचंही नाव येतं. गॅब्रिएल डेव्हिऑन हा भारतात जन्मलेला आणि जहाजावरून होनोलुलूला पोचलेला तरुण 1880 च्या दशकात तारेवर सरकवून वाजवत असे, असं तिथल्या जुन्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. आपल्याला हे वाचून उकळ्या फुटतात. त्यातच सरकत्या काठीने वाजवायच्या एकतंत्री वीणेचं वर्णन तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त लिहिणारा शार्ङ्गदेव आपल्या देवगिरीचा, सिंघण यादवाच्या दरबारचा. या दोन टोकांना जोडून ‘हवाईयन गिटार मुळात आपलीच’ असं म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. मधल्या साडेसहाशे वर्षांचा धागा कुणाच्याही हाती नाही, आणि डेव्हिऑनच्या हातात कोणतं वाद्य कसं होतं तेही नीट कळत नाही. शार्ङ्गदेवाचा मान शार्ङ्गदेवाला, केकुकूचा केकुकूला.

केकुकू 1904 साली अमेरिकेत गेला आणि परत हवाईत राहायला आलाच नाही. 1932 मध्ये न्यू जर्सीत वारला. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात हवाईच्या मंडपातलं संगीत लाखोंनी ऐकलं आणि अमेरिकेला या सुराचं वेड लागलं. नाटकगृहं मोठी, गिटारीचा आवाज लहान. लॉस एंजेलिसमध्ये हर्मन वायसनबॉर्नने हवाईच्याच कोआ लाकडाच्या, मानही पोकळ असलेल्या गिटारी बनवल्या. आज त्या सोन्याच्या भावाने जातात. 1927 च्या सुमारास जॉन डोपिएराने गिटारीच्या पोटात ॲल्युमिनियमचे पातळ शंकू बसवून आवाज वाढवला. मग जॉर्ज बीचम या मांडीवरच्याच गिटारीच्या वादकाने लाकडाच्या पोकळीवर विसंबणं सोडून दिलं. तारांवर नालेच्या आकाराची दोन लोहचुंबकं कमानीसारखी बसवली, खाली तारेचं वेटोळं, आणि सगळं एका भरीव गोल पाटावर. 1931 मध्ये लाकडाचा नमुना झाला, 1932 पासून ओतीव ॲल्युमिनियमची गिटार विक्रीला आली. आकारामुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. आपण तवा म्हणू. बाजारात यशस्वी झालेली जगातली पहिली विजेची गिटार ती हीच, मांडीवर ठेवायची. रॉक संगीतातल्या, खांद्याला अडकवायच्या सगळ्या गिटारी तिच्यानंतरच्या. पेटंट मात्र 1937 पर्यंत लटकलं.

ॲल्युमिनियमला एक खोड होती. रंगमंचाच्या दिव्यांखाली धातू तापला की सूर हलायचा. म्हणून 1935 मध्ये रिकनबॅकर कंपनीने बेकेलाइटची गिटार आणली. काळीभोर, तळहातात जड लागणारी. तिचा आवाज ज्यांनी ऐकला ते दुसऱ्या कशावर सहजी समाधान मानत नाहीत.

आता त्या सरळ कांडीची अडचण सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून निघाला आहे. कांडी सरळ, म्हणून सगळ्या तारा एकदम सारख्याच सरकणार. तारा जशा लावल्या असतील तीच सुरावट वर-खाली मिळणार. मेजर लावली असेल तर मायनर कुठून आणायची? वादकांनी कांडी तिरकी धरायला सुरुवात केली. एका तारेवर पुढे, दुसऱ्या तारेवर मागे. हे दिसायला सोपं आणि करायला महाकठीण. बोटाने वाजवायच्या गिटारीत पडद्याची पट्टी सूर ठरवते, बोट थोडं मागेपुढे पडलं तरी चालतं. इथे पट्ट्या नुसत्या खुणा. कांडी खुणेच्या बरोबर वर आली नाही तर केसाएवढाही बेसूर लपत नाही. मग तारा लावण्याच्या नव्या रीती शोधणं आलं. ओहायोत जन्मलेल्या जेरी बर्डने सी, ई, जी, ए, सी, ई ही लावणी अशी काही गाजवली की मेजर आणि मायनर दोन्ही एकाच मानेवर सापडू लागले. सहाच्या आठ तारा झाल्या. तेवढ्याने भागेना तेव्हा एका गिटारीला दोन, तीन, चार माना आल्या, प्रत्येक मानेची लावणी निराळी. फेंडर कंपनीची 1953 ची ‘स्ट्रिंगमास्टर’ चार मानांपर्यंत मिळत असे. ती मांडीवर मावेना, खाली पाय लावावे लागले. पॉल बिग्सबी नावाचा मोटरसायकलींचा शौकीन कारागीर 1940 च्या दशकात मागणी नोंदवलेल्या वादकासाठीच गिटार घडवायचा आणि दर्शनी बाजूवर त्या वादकाचं नाव जडवून द्यायचा. त्याच्या गिटारी आज दुर्मिळ आहेत त्या संख्येमुळे, आणि माझ्या मते त्याहून जास्त यामुळे, की त्यातली प्रत्येक एका माणसाच्या दोन हातांच्या मापाची आहे.

शेवटी पायाने तार ओढायची पेडलं आली. प्रयोग आधीपासून चालू होते, पण 1953 च्या अखेरीस बड आयझॅक्सने एका कंट्री गाण्याच्या ध्वनिमुद्रणात सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो वळवून दाखवला आणि नॅशव्हिलमधल्या बिनपेडलच्या गिटारी बघता बघता कपाटांत गेल्या. कंट्री गायक हँक विल्यम्सच्या गाण्यांत वाजवणारा डॉन हेल्म्स तेवढा गिब्सन कंपनीच्या जुन्या दोन मानांच्या गिटारीला अखेरपर्यंत चिकटून राहिला. जेरी बर्डनेही पेडलाला पाय लावला नाही. तो 1972 मध्ये हवाईत जाऊन राहिला आणि हवाईच्या पोरांना त्यांचंच विसरत चाललेलं वाद्य शिकवू लागला. मला ही या कुळकथेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

इकडे भारतात त्याच अडचणीचं उत्तर निराळंच निघालं. सामोआत जन्मलेला आणि हवाईत वाढलेला टाउ मोए जगभर फिरत 1940 च्या दशकात कुटुंबासह कोलकात्यात राहिला. त्याच्याकडे शिकलेल्या गार्नी निसच्या ‘अलोहा बॉइज’नी हवाईचे सूर आकाशवाणीवरून घरोघर नेले. बंगालात रवींद्रसंगीत या गिटारीवर वाजू लागलं. मुंबईत लखनौहून आलेला व्हॅन शिप्ले स्वतःची आठ तारांची विजेची गिटार घेऊन चित्रपटगीतं वाजवायचा. हजारा सिंगच्या तबकड्याही लोकांनी झिजेपर्यंत ऐकल्या. आपल्या गाण्याला हार्मोनियमने जे दिलं नाही ते या वाद्यात तयार होतं, ती म्हणजे मींड.

आणि सुरावटीच बदलायच्या नसतील तर कांडी सरळ असण्याची अडचण उरतेच कुठे? जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी सरोदिये अली अकबर खाँ यांच्या तालमीत गिटारीवर राग मांडला. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची गिटार त्यांची. विश्वमोहन भट्टांनी गिटारीतूनच घडवलेल्या मोहनवीणेला वीस तारा आहेत: तीन रागाच्या, पाच षड्ज-पंचम धरून ठेवणाऱ्या, बारा तरफेच्या. 1994 साली तिने ग्रॅमी मिळवलं. देबाशिष भट्टाचार्यांनी ‘चतुरंगी’ ही गिटार घडवली. अमेरिकेने माना वाढवल्या आणि पेडलं लावली. आपण कांडी एका तारेवर आणून बाकीच्या तारांना साथीला बसवलं. दोन्हीकडे वाद्य कारखान्यातून आलं तसं कुणी ठेवलं नाही. वादक आणि कारागीर एकमेकांशेजारी बसले, म्हणून ते वाढलं.

माझ्या गिटारीवर मिरजेच्या त्या कारागिराने पुढच्या खेपेला एक चिकारीची तार चढवून दिली. नवं भोक पाडलं नाही. चुकलेल्या दोन भोकांपैकी एकात हाडाची बारीक खुंटी बसवली आणि तार तिच्यावरून नेली. उरलेलं भोक त्याने त्याच रंगाच्या लाकडाने बुजवलं. जुना पिकअप मी काढला नाही. वेटोळ्याची तुटलेली तार तेवढी नव्याने गुंडाळून घेतली. आवाज थोडा दबका आहे, पण तो तिचा आहे. एक पाय मोटारगाडीत आणि एक बैलगाडीत ठेवल्यासारखं हे वाद्य आहे असं कुणी मला म्हटलं होतं. मला तसं वाटत नाही. ते पहिल्यापासून असंच, जो वाजवील त्याच्या बैठकीप्रमाणे बदलणारं आहे.

म्हणून सांगणं एवढंच. साठ-सत्तरच्या दशकात हवाईयन गिटार शिकलेली एखादी आत्या, एखादे काका आपल्याकडेही सापडतात, आणि त्यांची गिटार माळ्यावर असते. ती साधी गिटार समजून देऊन टाकू नका. मान चौकोनी असेल, किंवा मेरूवर तारा वर उचलणारी धातूची पन्हाळीसारखी टोपी असेल, तर ती मांडीवरची आहे. तिच्यात बदल जरूर करा, तारा नव्या लावा, लावणी आपल्या गळ्याची ठेवा. फक्त नवं भोक पाडायच्या आधी जुन्या भोकाने काम होतं का ते पाहा, आणि काढलेला प्रत्येक स्क्रू, मेरू आणि तुटकी खुंटी एका पाकिटात घालून गिटारीच्या पेटीतच ठेवा.