पाहुण्यांच्या वाट्याची तिकिटे

२ जानेवारी १९५६. अमेरिकेच्या दक्षिणेतील न्यू ऑर्लिन्स शहर. टुलेन विद्यापीठाच्या आवारातील प्रचंड क्रीडागारात ‘शुगर बोल’ हा वर्षातील एक मानाचा फुटबॉल सामना सुरू होत आहे. क्रीडागारात गोऱ्यांच्या जागा वेगळ्या, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या. फक्त एका भागात वर्णानुसार रांगा पाडलेल्या नाहीत. हा भाग आहे दूर उत्तरेकडील पिट्सबर्गहून आलेल्या पाहुण्या प्रेक्षकांचा.

विसंगती अशी की, ज्या विद्यापीठाच्या आवारात हे घडत होते त्याच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला बसता येत नव्हते. टुलेनने आपले दरवाजे उघडले ते १९६३ साली. म्हणजे परगावचा कृष्णवर्णीय क्रीडारसिक त्या आवारात हक्काने बसला, आणि त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मुलाला विद्यार्थी म्हणून तिथे पाऊल ठेवण्यासाठी आणखी सात वर्षे थांबावे लागले.

हे कसे घडले, याचे उत्तर कोणत्याही भाषणात किंवा जाहीरनाम्यात नाही. ते दडले आहे तिकीटवाटपाच्या एका साध्या रिवाजात. तो रिवाज समजून घ्यायचा, तर दुसऱ्या विद्यापीठाच्या आवारात सामना पाहायला जाणारा हा परगावचा प्रेक्षक मुळात आला कुठून, हे आधी पाहावे लागते.

तो पहिल्या सामन्यापासून होता. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक गावी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत जो सामना झाला, तो अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो. (आजच्या अमेरिकन फुटबॉलशी त्याचे फारसे साम्य नव्हते. चेंडू गोल होता, तो हातात घेऊन पळण्यास मनाई होती आणि प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते.) प्रिन्स्टनचे खेळाडू सकाळी दहाच्या गाडीने आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे बरेचसे पाठीराखेही आले.

त्या दिवसाचे वर्णन रटगर्सच्या विद्यार्थ्यांच्या ‘टारगम’ या नियतकालिकात आले आहे, आणि ते वाचताना स्पर्धेपेक्षा पाहुणचाराचाच भास अधिक होतो. जेवण झाले, गावात फेरफटका झाला, बिलियर्ड्सचे डाव रंगले आणि मग सारे मैदानावर जमले. प्रेक्षक जेमतेम शंभर. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. कोणी जमिनीवर बसले, कोणी कुंपणावर. रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी एकत्र जेवण केले आणि रात्री आठला पाहुणे हसतखेळत परतले. आठवड्याभराने प्रिन्स्टनने आपल्या गावी ८-० अशी परतफेड केली.

इथे पाहुणा प्रेक्षक म्हणजे अक्षरशः पाहुणा होता. त्याला जागा ‘देण्याचा’ प्रश्नच नव्हता, कारण जागेला किंमत नव्हती.

किंमत लवकरच आली. १८७५ साली हार्वर्ड आणि येल यांचा पहिला सामना न्यू हेवनच्या हॅमिल्टन पार्कवर झाला, तेव्हा सुमारे दोन हजार लोकांनी प्रत्येकी ५० सेंट मोजले. हे पैसे मोजणारे लोक जसजसे वाढले, तसतसा सामना महाविद्यालयाच्या आवारातून बाहेर पडू लागला. महाविद्यालये लहान गावांत होती, पैसा मोठ्या शहरांत होता. येल आणि प्रिन्स्टन यांचे थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतले सामने न्यू यॉर्कमध्ये होऊ लागले. कॅन्सस आणि मिसुरी ही विद्यापीठे १८९१ पासून कॅन्सस सिटीत भेटू लागली. अशा त्रयस्थ गावी दोन्ही बाजूंचे प्रेक्षक परगावचेच. यजमान कोणीच नाही आणि पाहुणाही कोणी नाही.

विद्यापीठांच्या प्राध्यापकवर्गाला हे मुळीच रुचले नाही. शहरातील दारू, पैजा आणि बेशिस्त यांपासून विद्यार्थ्यांना दूर ठेवायचे, तर खेळ पुन्हा आवारात आणला पाहिजे, असा विचार बळावला. मिसुरी विद्यापीठ ज्या क्रीडासंघटनेत होते तिने नियमच केला की सामने विद्यापीठाच्या आवारातच व्हावेत. त्यामुळे १९११ साली कॅन्ससविरुद्धचा सामना कॅन्सस सिटी सोडून कोलंबिया या छोट्या गावी आला.

आता गर्दी जमणार कशी? मिसुरीचे क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ असे आवाहन केले. नऊ हजारांहून अधिक लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, पण प्रथा रुजली. अमेरिकेतील ‘होमकमिंग’ या उत्सवाच्या जनकत्वाचा मान मिसुरी या प्रसंगावरून सांगते. (बेलर आणि इलिनॉय ही विद्यापीठेही तोच मान मागतात; असे वाद मिटत नसतात.) ज्यांना कोलंबियाला जाता आले नाही असे हजारभर लोक तिकडे कॅन्ससच्या लॉरेन्स गावात एकत्र जमले, आणि तारेने येणाऱ्या बातमीबरहुकूम एका यांत्रिक फलकावर सरकणारा सामना पाहत राहिले. दूरच्या आवारात जाण्याची ओढ किती होती, याची कल्पना यावरून यावी.

खेळ आवारात परतला आणि आवारांचे रूप पालटले. हार्वर्डने १९०३ साली काँक्रीटचे क्रीडागार उभारले. येलने १९१४ साली सुमारे ७०,००० प्रेक्षकांचे ‘येल बोल’ बांधले. उद्घाटनालाच पाहुण्या हार्वर्डने येलचा ३६-० असा धुव्वा उडवला, हा भाग वेगळा. सामन्याच्या दिवशी रेल्वे कंपन्या खास गाड्या सोडू लागल्या. एरवी काही हजार वस्तीची गावे एका शनिवारपुरती शहरे होऊ लागली.

याच काळात तिकीटवाटपाचा तो रिवाज पक्का झाला. यजमान विद्यापीठ तिकिटांचा एक ठरावीक वाटा पाहुण्या विद्यापीठाकडे पाठवी. पाहुणे ती तिकिटे आपल्या विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना विकीत. क्रीडागाराचा एक कोपरा अशा रीतीने पाहुण्यांचा होई. आसने यजमानांची, पण त्यांवर कोणी बसायचे हे मात्र दुसऱ्या गावातील एका कचेरीत ठरे. व्यवहार सोयीचा होता. त्यात काही राजकीय आशय आहे, असे कोणाला वाटलेही नसेल.

दक्षिणेत तो आशय होता. तेथील गोऱ्यांच्या विद्यापीठांचे संघ केवळ गोऱ्यांचे असत आणि प्रेक्षागृहात वर्णानुसार जागा ठरलेल्या असत. मराठी वाचकाला पंक्तिभेद हा शब्द ठाऊक आहे. इथे पंगत जेवणाची नव्हती, एवढाच फरक. उत्तरेचा संघ दक्षिणेत आला की अनेकदा आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरीच ठेवून येई. ‘यजमानांच्या रीतीचा मान’ असे त्याला सभ्य नाव होते. पाहुण्याने यजमानाची रीत पाळावी हा शिष्टाचार कोणाच्या अपमानावर उभा आहे, हे विचारण्याची फारशी पद्धत नव्हती.

शुगर बोलच्या तिकिटावर तर हे छापलेलेच असे: तिकीट गोऱ्या वंशाच्या व्यक्तीसाठी आहे. १ जानेवारी १९५५ च्या सामन्यासाठी अमेरिकन नौदल अकादमीचा संघ मिसिसिपी विद्यापीठाविरुद्ध खेळायला येणार होता. अमेरिकेच्या सैन्यदलांतील वर्णभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ सालीच काढला होता. त्याच नौदलाच्या अकादमीने अशी तिकिटे विकायची कशी? अखेर अकादमीच्या वाट्याच्या तिकिटांपुरती ती अट सोडून देण्यात आली. उरलेल्या क्रीडागारात सारे काही पूर्ववत राहिले.

एक फट पडली होती. पुढच्या वर्षी पिट्सबर्ग विद्यापीठ त्याच फटीतून आत आले.

पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रिअर हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. आमंत्रण स्वीकारताना विद्यापीठाने भूमिका स्पष्ट केली: संघ एकत्र राहील, एकत्र जेवेल, एकत्र खेळेल, आणि आमच्या वाट्याच्या तिकिटांवर वर्णाची अट चालणार नाही. न्यू ऑर्लिन्सच्या संयोजकांनी हे मान्य केले. त्यांना मोठा सामना हवा होता, आणि पाहुण्यांच्या हजारो तिकिटांवर पाणी सोडणे परवडणारे नव्हते. तत्त्वाचा विजय झाला असे म्हणण्यापेक्षा व्यवहारापुढे तत्त्व वाकले, आणि या वेळी वाकणारे तत्त्व वर्णभेदाचे होते, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

वादळ उठले ते भलत्याच ठिकाणी. प्रतिस्पर्धी संघ होता जॉर्जिया टेक. १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. दुसऱ्याच दिवशी जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी राज्याच्या विद्यापीठांच्या नियामक मंडळाला तार केली: ज्या सामन्यात कृष्णवर्णीय खेळाडू आहे किंवा प्रेक्षकांत वर्णानुसार विभागणी नाही, अशा सामन्यात आपल्या संघांना उतरू देऊ नये. गव्हर्नरांच्या आक्षेपात खेळाडूच्या बरोबरीने प्रेक्षकही होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. एका चोवीस तासांत दक्षिणेत दोन ठिकाणी प्रश्न एकच होता: कोण कुठे बसणार?

त्या रात्री अटलांटात जॉर्जिया टेकचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. गव्हर्नरांच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. मोर्चा विधानभवनाकडून गव्हर्नरांच्या निवासस्थानापर्यंत पोचला. हे विद्यार्थी समतेसाठी झगडत होते, असे समजण्याची घाई करू नये. त्यांना त्यांचा सामना हवा होता. न्यू ऑर्लिन्सला जायचे बेत ठरले होते, आणि एक राजकारणी आड येत होता. टेकचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लीअर यांनीही माघार घेण्यास नकार दिला.

नियामक मंडळाने काढलेला तोडगा मोठा बोलका होता. राज्याबाहेर खेळताना तिथल्या यजमानांची रीत पाळावी; मात्र जॉर्जियाच्या भूमीवर जॉर्जियाचीच रीत चालेल. थोडक्यात, पाहुण्याने यजमानाचे ऐकावे हा जुनाच शिष्टाचार पुढे करून मंडळाने स्वतःची सुटका करून घेतली. त्यात एक अडचण होती, तिच्याकडे मंडळाने सोयीस्कर काणाडोळा केला. न्यू ऑर्लिन्सच्या यजमानांची रीत वर्णभेदाचीच होती. ती पाहुण्यांच्या कोपऱ्यापुरती बदलली होती.

सामना झाला. जॉर्जिया टेकने तो ७-० असा जिंकला. योगायोग असा की, निर्णायक ठरलेला दंड ग्रिअरच्याच विरुद्ध दिला गेला, आणि तो योग्य होता की नाही यावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. शुगर बोलमध्ये खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पिट्सबर्गचे प्रेक्षक आले, आपल्या भागात बसले, ओरडले, हरले आणि परतले.

लुईझियाना राज्याने मात्र त्याची नोंद घेतली. १९५६ सालीच विधिमंडळाने कायदा केला: वेगवेगळ्या वर्णांच्या खेळाडूंनी एकत्र खेळायचे नाही, आणि प्रेक्षकांची आसने, पाण्याची सोय व स्वच्छतागृहे वेगळी ठेवायची. गव्हर्नर अर्ल लाँग यांनी त्यावर सही केली. फट बुजवण्यासाठी कायदा करावा लागतो, यातच तिच्या आकाराची कबुली असते.

परिणाम तत्काळ दिसला. उत्तरेच्या संघांनी न्यू ऑर्लिन्सकडे पाठ फिरवली. १९५७ ते १९६४ या आठ वर्षांत शुगर बोलमध्ये दक्षिणेचेच संघ एकमेकांशी खेळत राहिले; त्यांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ज्यांच्या वाट्याच्या तिकिटांवरून भांडण व्हावे, असे पाहुणेच उरले नाहीत. खेळासंबंधीचा हा कायदा संघीय न्यायालयाने १९५८ साली घटनाबाह्य ठरवला आणि १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. तरी पाहुण्यांचा विश्वास परतायला वेळ लागला.

१ जानेवारी १९६५ रोजी सिरॅक्यूज विद्यापीठाचा संघ टुलेनच्या मैदानात उतरला, तेव्हा त्यात जिम नॅन्स आणि फ्लॉइड लिटल हे कृष्णवर्णीय खेळाडू होते. सहा महिन्यांपूर्वी नागरी हक्क कायदा संमत झाला होता, आणि टुलेनच्या वर्गांत कृष्णवर्णीय विद्यार्थी दोन वर्षांपासून बसत होते. लुईझियाना स्टेटने सिरॅक्यूजला १३-१० असे हरवले. पुढे सामना सुपरडोममध्ये हलवण्यात आला आणि टुलेनच्या आवारातील ते क्रीडागार पाडून टाकण्यात आले.