खाजन : भरतीच्या पातळीखालची शेती

भरतीच्या वेळी नदीचे पाणी वर आणि बांधापलीकडचे भातशेत तिच्या पातळीच्या खाली, हे दृश्य दिवाडी, चोडण, सांतइस्तेव या भागांत वाढलेल्यांना नवे नाही. खाऱ्या दलदलीला बांध घालून मिळवलेल्या या जमिनीला कोकणीत खाजन आणि मराठीत खाजण म्हणतात. रायगड-रत्नागिरीकडे खारभूमी हा शब्द रूढ आहे. गोव्यातील खाजनांचे क्षेत्र साधारणपणे १८,००० हेक्टर मानले जाते आणि ते मुख्यत्वे तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा, डिचोली या तालुक्यांत आहे. शेताची उंचीनुसार विभागणी करण्याची येथील पद्धतही ध्यानात घ्यावी. सर्वांत खालचे ते खाजन, मधले खेर आणि वरचे मोरोड.

खाजनाची सारी भिस्त मानशीवर. मानस म्हणजे बांधातील दगडी चौकटीत बसवलेल्या लाकडी झडपा. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली की आत साचलेल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. तिला ना इंधन लागते, ना यंत्र. शेताच्या सर्वांत सखल भागात पोंय असते. पावसाचे जादा पाणी आधी तिच्यात उतरते आणि तेथून मानशीवाटे नदीत जाते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. जूनच्या सरींनी मातीतला क्षार धुऊन निघाला की भाताची पेरणी होते. कापणीनंतर खारे पाणी बेताने आत घेतले जाते. त्याबरोबर शेवटो, काळुंद्रे, चोणक, कोळंबी आत येते. मानशीवरच्या या मासेमारीचा लिलाव होतो आणि त्या उत्पन्नातून बांधाची डागडुजी व्हावी, असा जुना संकेत आहे.

ही व्यवस्था पोर्तुगिजांच्या आधीची आहे. गावकरीचे हक्क आणि रूढी १५२६ च्या अफोंसो मेशियाच्या फोरालात नोंदल्या गेल्या. पुढे गावकरीला कोमुनिदाद हे नाव मिळाले. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७५ च्या नियमांनी बांध-मानशींची सामाईक जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. कसणाऱ्याला हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. पण ज्या यंत्रणेकडे बांधाच्या देखभालीचे शतकानुशतकांचे कौशल्य होते, तिचे हात त्याच वेळी रिकामे झाले, याची चर्चा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही. मानशीचा ठेका घेणाऱ्याचे हित अधिक कोळंबीत आणि कुळाचे हित कोरड्या बांधात. झडप रात्री जरा अधिक वेळ उघडी राहिली की दुसऱ्याचे शेत खारते. ज्या खाजनांत भात लावणेच थांबले, तेथे तर झडप मिटण्याचा आग्रह धरायलाही कोणी उरत नाही.

आता संशोधन काय सांगते ते पाहू. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-जुवारीच्या खाड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यातील एक निष्कर्ष खाजनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. भरतीची लाट मुखापासून सुमारे ४० किलोमीटर आत जाईपर्यंत तिची उंची फारशी कमी होत नाही. पात्र आत अरुंद होत जाते, त्यामुळे लाट वाढू पाहते आणि तळाच्या घर्षणाने ती घटू पाहते. ही दोन्ही बले एकमेकांना जवळपास तोलून धरतात. पुढच्या साधारण १० किलोमीटरांत मात्र ती झपाट्याने विरते. म्हणून समुद्रात जे घडते त्याची झळ केवळ कळंगुट-मिरामारला बसत नाही, आतल्या गावांच्या बांधांनाही बसते.

त्याच संस्थेच्या उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवरील जुन्या भरतीमापकांच्या नोंदींतून समुद्रपातळीची वाढ वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटर निघते. १९९३ नंतरच्या उपग्रह नोंदी सुमारे ३ मिलिमीटरचा वेग दाखवतात. ३ मिलिमीटर हा आकडा हास्यास्पद वाटेल. तीस वर्षांत त्याचे ९ सेंटिमीटर होतात. बांध तेवढा उंच करता येईल, पण मानशीचे काय? ओहोटीची पातळीही तेवढीच वर राहिली तर झडप उघडी राहण्याचा काळ आखडतो आणि ऐन श्रावणात शेतातले पाणी उतरायला वेळ पुरत नाही. खाजनाला पहिला धोका समुद्र आत येण्याचा नसून पाऊस बाहेर न जाण्याचा असू शकतो.

दुसरी बाजू नदीच्या गोड्या पाण्याची. म्हादईचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात. पावसाळ्यात तिचा प्रवाह खारे पाणी मुखाकडे रेटतो आणि प्रवाह ओसरला की उन्हाळ्यापर्यंत क्षार आत सरकत जातो. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. या वादात अभयारण्य आणि पिण्याचे पाणी यांचा उल्लेख वारंवार होतो, खाजनाचा क्वचितच. 'समुद्रात वाया जाणारे पाणी' हा युक्तिवाद ज्यांना पटतो त्यांनी फेब्रुवारीत खाडीकाठच्या विहिरीचे पाणी चाखून पाहावे.

खनिजवाहू बार्जांच्या लाटांनी बांध ढासळल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. कोकण रेल्वेच्या मार्गाच्या वेळीही खाजनांचा प्रश्न गाजला होता. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतुदी आल्या : खाजनांचे नकाशे करावेत, व्यवस्थापन आराखडा आखावा, विकासकामांना तेथे परवानगी नसावी, खारफुटी राखावी. येथेच एक पेच आहे. बांध फुटून पडीक राहिलेल्या शेतात काही वर्षांत खारफुटी उगवते. ती तोडणे बेकायदा असल्याने शेतकऱ्याला परतीची वाट बंद होते. खारफुटी किनाऱ्याची ढाल आहे हे खरे, पण मुद्दाम फोडलेल्या बांधामागे तीच झाडी पुढच्या भू-वापर बदलाची सोय करून देत असेल, तर प्रत्येक खाजनाचा इतिहास तपासल्यावाचून निर्णय घेता येणार नाही.

खाजनाचे पारंपरिक बियाणे म्हणजे कोरगूट. उंच वाढणारे, उत्पन्नाने बेताचे, पण क्षार सोसणारे. ओल्ड गोवा येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' मालिकेतील क्षारसहिष्णू वाण दिले. तरीही बांध फुटून शेत मुरले, तर क्षार उतरायला एकाहून अधिक पावसाळे लागतात, आणि तोवर मानस धड असावी लागते.