रीलमधला बास नाशिकच्या धरणात का नाही? आणि पावसाळ्यानंतर मरळ कधी पकडू नये?

ऑक्टोबर लागला की मोबाईलवर मासेमारीच्या परदेशी रील्सचा पूर येतो. शांत तळं, काठावर लाल-पिवळी झाडं, रबरी बेडूक पाण्यात पडतो आणि खालून एक मासा उसळी मारून तो गिळतो. हा मासा म्हणजे लार्जमाऊथ बास. मूळचा उत्तर अमेरिकेचा. शरद ऋतू हा त्याच्या शिकारीचा मोठा हंगाम मानला जातो.

नाशिकमध्ये द्वारका चौकातून पश्चिमेकडे गेलं की गंगापूर धरण, दक्षिणेला इगतपुरीच्या बाजूला दारणा, तर पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर नांदूर मध्यमेश्वर. पाण्याला तोटा नाही. तरीही इथं गळ टाकून बास मिळणार नाही. त्याची जागा इथं दुसऱ्याच माशाने घेतली आहे. तो मासा म्हणजे मरळ.

तिकडे शरदात नेमकं काय होतं?

थंड प्रदेशातल्या खोल तळ्यांत उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वर गरम आणि हलकं पाणी, खाली थंड आणि जड. हे थर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे तळाशी प्राणवायू कमी पडतो. शरदात वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि सगळं पाणी ढवळलं जातं. याच काळात छोटे मासे उथळ खाड्यांकडे सरकतात. त्यांच्यामागे बास येतो आणि हिवाळ्याआधी भरपूर खाऊन घेतो.

मग आपल्याकडे?

आपल्याकडे पाणी ढवळण्याचं काम बरंचसं पावसाळाच करतो. जून ते सप्टेंबर नद्या गाळ घेऊन धरणांत उतरतात. ऑक्टोबरमध्ये ऊन तापतं, गाळ खाली बसतो आणि पाणी निवळतं. धरणं भरलेली असल्याने काठावरचं गवत आणि झुडपं पाण्याखाली गेलेली असतात. त्यात किडे, बेडूक, झिंगे आणि लहान मासे आसरा घेतात. मरळ दबा धरून बसते ती इथंच.

पुढे रब्बीची आवर्तनं सुटू लागली की पाणी मागे सरकतं, गवत उघडं पडतं आणि लहान माशांचा आसरा जातो. म्हणजे इथं हवेतल्या गारव्याइतकंच पाण्याच्या पातळीकडेही बघावं लागतं.

मरळ वेगळी का?

मरळ फक्त कल्ल्यांवर जगत नाही. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारा खास अवयव असतो. त्यामुळे ती अधूनमधून वर येऊन हवा घेते. पाणी आटलेल्या, गढूळ डबक्यातही ती तग धरते आणि ओलावा असेल तर पाण्याबाहेरही बराच वेळ जिवंत राहते. बाजारात मरळ जिवंत विकली जाते ती याच गुणामुळे. काटे कमी असल्याने तिला भावही चांगला मिळतो.

तो लाल गोळा दिसला तर थांबा

मरळीची वीण प्रामुख्याने पावसाळ्यात होते. नर-मादी उथळ पाण्यातल्या गवतात जागा साफ करतात आणि तिथं अंडी तरंगतात. पिल्लं बाहेर आली की पालक मासा त्यांच्याखाली राहून पहारा देतो. उशिरा झालेल्या विणीची पिल्लं पावसाळा संपल्यावरही काठाजवळ दिसू शकतात. तांबूस-केशरी पिल्लांचा थवा श्वासासाठी एकदम वर येतो, तेव्हा पाण्याला बारीक उकळी फुटल्यासारखी वाटते.

अनेक रील्समध्ये नेमका याच थव्यावर रबरी बेडूक टाकलेला दिसतो. मासा लगेच झडप घालतो, पण ती भुकेपोटी नसते. पिल्लांजवळ आलेल्या शत्रूला तो हाकलत असतो. हा पालक उचलला की थवा उघडा पडतो आणि इतर मासे व पक्षी त्याचा फडशा पाडतात. एका गळाने एक मासा मिळतो, पण त्यामागे अख्खी पिढी जाऊ शकते.

म्हणून थवा दिसला की तिथं गळ टाकायचा नाही. चुकून पालक लागलाच, तर ओल्या हाताने धरून गळ काढायचा आणि त्याच जागी लगेच सोडायचा. तीन तोंडांच्या गळाऐवजी एकेरी, काटा दाबलेला गळ वापरला तर माशाला इजा कमी होते.

हे पाणी कुणाचं?

राज्यातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो. अनेक ठिकाणी तो स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. संस्था ठेक्याची रक्कम भरते आणि रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली विकत घेऊन पाण्यात सोडते. त्यामुळे धरणातला मासा 'कुणाचाच नाही' असं नसतं. गळ टाकण्याआधी संस्थेची परवानगी घ्यावी.

नांदूर मध्यमेश्वरची गोष्ट आणखी वेगळी. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचं हे ठिकाण १९८६ पासून अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तिथं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये.

बास आणून सोडला तर?

जपानने हे करून पाहिलं. १९२५ मध्ये आशी तलावात बास सोडण्यात आला. तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे खाऊ लागला. शेवटी २००५ मध्ये तो पाळणं, नेणं आणि सोडणं यावर कायद्याने बंधन आलं. भारतातही १९५२ मध्ये आलेला तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, आज उजनीत सर्रास सापडते. परदेशी मांगूरवर तर २००० सालीच बंदी घालावी लागली. पाण्यात सोडलेला मासा परत गोळा करता येत नाही.

जाण्याआधी एवढं लक्षात ठेवा

- भिंत, सांडवा आणि दरवाजांपासून लांब राहा.
- पाणी ओसरलेल्या काठावरची काळी माती वरून सुकलेली दिसते, पण आत पाय रुततो. एकट्याने उतरू नका.
- तुटलेला तंगूस पाण्यात टाकू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.
- पिल्लांचा थवा कुठे दिसला ते ठिकाण रीलमध्ये टाकू नका. पुढचा गळ तिथंच पडेल.