दोन याद्या आणि फिलाडेल्फियाचे लुकमान

केनी गॅम्बल हे नाव अमेरिकी संगीताच्या रसिकांना ठाऊक असते. लुकमान अब्दुल हक हे नाव त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. माणूस एकच. १९४३ साली फिलाडेल्फियात जन्मलेले, गीतकार आणि निर्माते, सत्तरच्या दशकात इस्लाम स्वीकारलेले. अमेरिकेतल्या काळ्या मुसलमानांचा विषय निघाला की आपली गाडी माल्कम एक्स आणि मुहम्मद अली या दोन स्टेशनांपुढे सहसा जात नाही. गॅम्बल यांची गोष्ट व्यासपीठावर घडली नाही, बॉक्सिंगच्या रिंगणातही नाही. ती दर आठवड्याला छापल्या जाणाऱ्या एका यादीत घडली. खरे तर दोन याद्यांत.

'बिलबोर्ड' हे अमेरिकी संगीतधंद्याचे साप्ताहिक. ऑगस्ट १९५८ पासून त्यात 'हॉट १००' ही मुख्य यादी येऊ लागली. दुकानांतली विक्री आणि रेडिओवरचे वाजणे यांवरून देशातली शंभर लोकप्रिय गाणी क्रमाने लावायची, हे तिचे काम. तिच्या शेजारी आणखी एक यादी होती आणि ती जास्त जुनी होती. १९४२ मध्ये ती 'हार्लेम हिट परेड' या नावाने निघाली, १९४५ मध्ये तिचे 'रेस रेकॉर्ड्स' झाले, १९४९ मध्ये 'रिदम अँड ब्लूज', १९६९ मध्ये 'सोल' आणि १९८२ मध्ये सरळ 'ब्लॅक'. नावे बदलत गेली, अर्थ एकच राहिला: काळ्या वस्तीतल्या दुकानांत काय खपते आणि काळ्यांच्या रेडिओ केंद्रांवर काय वाजते. गाणे आधी या यादीत चढायचे, मग एखाद्या गोऱ्या केंद्राचा निवेदक ते उचलायचा आणि नशीब असेल तर ते मुख्य यादीत शिरायचे. याला 'क्रॉसओव्हर' म्हणत. मोठा पैसा होता तो पलीकडे गेल्यावर.

वेगळी यादी हा सन्मान की कुंपण, हा प्रश्न 'मुस्लिम मराठी साहित्य' हे शब्द ऐकत वाढलेल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

गॅम्बल आणि त्यांचे पियानोवादक मित्र लिऑन हफ यांना ही वाट चांगली माहीत होती. १९६७ मध्ये 'एक्सप्रेसवे टू युअर हार्ट' आणि १९६९ मध्ये जेरी बटलर यांचे 'ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह' ही त्यांची दोन गाणी मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली होती. पण स्वतःची छोटी लेबले काढली की अडचण यायची वितरणाची. गाणे लोकांना आवडले तरी रेकॉर्ड दुकानात वेळेवर पोचायला हवी, आणि दुकानदाराकडून पैसे वसूलही व्हायला हवेत. त्यांचे 'नेपच्यून' हे लेबल शिकागोच्या 'चेस' कंपनीच्या आधारावर चाले. १९६९ मध्ये लिओनार्ड चेस वारले आणि तो आधारच गेला.

त्यामुळे १९७१ मध्ये 'फिलाडेल्फिया इंटरनॅशनल' निघाले ते सीबीएससारख्या बड्या कंपनीशी वितरणाचा करार करूनच. सीबीएसलाही गरज होती. अरिथा फ्रँकलिन त्यांच्याकडे काही वर्षे होत्या, पण त्या महान झाल्या 'अटलांटिक'कडे गेल्यावर (अटलांटिकचे एक संस्थापक अहमत एर्तेगुन, वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताचे चिरंजीव, पण तो वेगळ्या लेखाचा विषय). सीबीएसने हार्वर्डच्या बिझनेस स्कूलकडून सोल संगीताच्या बाजारावर अहवालही करून घेतला. काळ्यांची रेडिओ केंद्रे हा गोऱ्या केंद्रांपर्यंत पोचण्याचा उत्तम मार्ग आहे, असे त्यात सांगितले होते. या अहवालामुळेच गॅम्बल-हफ यांच्याशी करार झाला असे अनेकदा लिहिले जाते. अहवाल मे १९७२ चा आहे, करार त्याआधीचा. हार्वर्डच्या लोकांनी जे कागदावर मांडले ते फिलाडेल्फियाच्या या दोघांना हिंडून-फिरून आधीच कळले होते.

मग दीड-दोन वर्षे नुसता पाऊस पडला. १९७२ मध्ये ओजेज यांचे 'बॅक स्टॅबर्स' आणि हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांचे 'इफ यू डोंट नो मी बाय नाऊ', दोन्ही सोल यादीत पहिली आणि मुख्य यादीत तिसरी. डिसेंबरात बिली पॉल यांचे 'मी अँड मिसेस जोन्स' मुख्य यादीत सलग तीन आठवडे पहिले. मार्च १९७३ मध्ये 'लव्ह ट्रेन' पहिले. एप्रिल १९७४ मध्ये 'टीएसओपी' पहिले, तेही जवळजवळ शब्दांविना. हे 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत होते, पण कार्यक्रमाच्या मालकाने नाव वापरू दिले नाही म्हणून रेकॉर्डवर निराळे नाव आले. वाजवणारे होते एमएफएसबी, म्हणजे सिग्मा साउंड स्टुडिओतला तीसहून अधिक वादकांचा ताफा. पुढे पैशांवरून बिनसले आणि त्यातले बरेच जण 'सॅलसोल' या दुसऱ्या लेबलकडे गेले.

या यशात एक ठेच आहे, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. 'मी अँड मिसेस जोन्स' हे विवाहबाह्य प्रेमाचे, हळू लयीचे गाणे. ते देशाने डोक्यावर घेतल्यावर बिली पॉल यांचे पुढचे गाणे कोणते काढायचे? गॅम्बल यांनी निवडले 'अॅम आय ब्लॅक इनफ फॉर यू'. नावातच काळेपण, आणि तेही प्रश्नाच्या सुरात. स्वतः पॉल यांना ही निवड पटली नव्हती. गाणे मुख्य यादीत ७९ व्या क्रमांकावर अडकले आणि सोल यादीतही २९ च्या वर गेले नाही. पॉल पुन्हा कधी त्या उंचीवर पोचले नाहीत. गोऱ्या केंद्रांनी दार लावून घेतले हे खरे, पण सोल यादीतला आकडाही विसरता येत नाही. मिसेस जोन्सवर भाळलेल्या काळ्या श्रोत्यालाही त्या आठवड्यात हा प्रश्न नको होता. गॅम्बल यांचे धाडस मला आवडते. त्याची किंमत मात्र गायकाने मोजली. पुढे याच पॉल यांना मिसेस जोन्सच्या थकलेल्या मानधनासाठी कोर्टात जावे लागले आणि २००३ मध्ये ज्यूरीने त्यांना पाच लाख डॉलर मंजूर केले. आपला मुसलमान आहे म्हणून हे पान उलटून पुढे जाता येणार नाही.

गॅम्बल यांनी त्या ठेचेनंतर संदेश सोडला नाही, तो अल्बममध्ये हलवला. 'शिप अहॉय' या १९७३ च्या अल्बमचे शीर्षकगीत गुलामांच्या जहाजाविषयी आहे आणि जवळपास दहा मिनिटे चालते. असे गाणे रेडिओवर कोण लावणार? पण त्याच अल्बममधले 'फॉर द लव्ह ऑफ मनी' मुख्य यादीत नवव्या क्रमांकावर गेले आणि त्याच्या जोरावर ते जहाज लाखो घरांत शिरले. 'फॅमिली रियुनियन'च्या वेष्टनावर त्यांनी कुटुंबाविषयी थेट उपदेशच छापला. पुढे त्यांनी नाव घेतले लुकमान. कुरआनातले लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात, हे वाचकांना आठवेलच.

१९७५ मध्ये सरकारने गाणी वाजवून घेण्यासाठी पैसे चारल्याच्या आरोपावरून अनेक कंपन्यांच्या लोकांवर आरोपपत्रे ठेवली. त्यात गॅम्बल आणि हफही होते. हफ यांच्यावरचे आरोप मागे घेतले गेले, गॅम्बल यांना अडीच हजार डॉलर दंड झाला.

सत्तरचे दशक संपता संपता दोन याद्यांमधले अंतर पुन्हा वाढले. टेडी पेंडरग्रास यांचे आकडे बघा. 'क्लोज द डोअर', १९७८: सोल यादीत १, मुख्य यादीत २५. 'टर्न ऑफ द लाइट्स', १९७९: २ आणि ४८. 'लव्ह टीकेओ', १९८०: २ आणि ४४. आवाज तोच, स्टुडिओ तोच, काळ्या श्रोत्यांचे प्रेमही तेच. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला गेला होता. ज्या डिस्कोचा ठेका एमएफएसबीचे ड्रमवादक अर्ल यंग यांनी घडवला, तिच्याशी नाते असलेले सगळेच गोऱ्या केंद्रांना नकोसे झाले. मार्च १९८२ मध्ये पेंडरग्रास मोटार अपघातात जायबंदी झाले आणि चाकाच्या खुर्चीला खिळले. त्याच सुमारास सीबीएसशी असलेला करारही संपला. १९८४ च्या सुरुवातीला पॅटी लाबेल यांचे 'इफ ओन्ली यू न्यू' 'ब्लॅक' यादीत चार आठवडे पहिले राहिले. मुख्य यादीत ते ४६ वर थांबले.

जुलै १९८९ मध्ये 'इफ यू डोंट नो मी बाय नाऊ' अखेर 'हॉट १००' मध्ये पहिले आले. या वेळी गात होते गोऱ्या गायकाचे ब्रिटिश पथक, सिंपली रेड. गीतकार म्हणून नावे मात्र १९७२ चीच होती: गॅम्बल आणि हफ.