बहुपुटी अंडाशय संलक्षण आणि मधुमेह
स्त्रियांमधील संप्रेरकांचा विकार, बोलीभाषेत ‘पीसीओडी’. अनियमित पाळी, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे ही त्याची लक्षणे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी त्याचे वर्णन केले. नाव फसवे आहे: अंडाशयात दिसतात त्या गाठी नसून वाढ खुंटलेल्या बीजपुटिका असतात.

मधुमेहाशी दुवा इन्सुलिनचा. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते अधिक स्रवते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते. मानेवरची काळपट, मखमली त्वचा ही त्याचीच खूण. ती मळ समजून घासली जाते. मुलगी सडपातळ असली तरी धोका टळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या बारीक अंगातली छुपी चरबी दाखवून दिली आहे.

मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींच्या पाहणीत (२०१४) निदानाच्या रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर कडक निकषांनुसार १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला.

यवतमाळसारख्या कापूसपट्ट्यात वेचणीला जाणाऱ्या मुलीची चुकलेली पाळी अशक्तपणावर ढकलणे सोपे आहे. लग्नानंतर मूल होईना म्हणजे तपासणी, हा उशीर घातक. निदान होताच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजावी (१४० ते १९९ मिग्रॅ/डेसिलिटर मधुमेहपूर्व, २०० पासून मधुमेह) आणि दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा तपासावी. तपासणीसाठी यवतमाळात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.