निरोपाची गाणी : जपानच्या कराओके-खोलीतला दीडशे वर्षांचा इतिहास

१/ मार्च महिन्याची अखेर. जपानमधील एखाद्या शहरातली कराओकेची छोटी खोली. कार्यालयातील एका सहकाऱ्याची दूरच्या शाखेत बदली झाली आहे. जेवण आटोपून मंडळी इथे जमली आहेत आणि गाण्यांची यादी हातोहात फिरते आहे. प्रश्न साधाच आहे : निरोपाला कोणते गाणे म्हणावे? मित्रहो, या साध्या प्रश्नात जपानचा दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी मार्चच का, ते पाहू. जपानचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच १ एप्रिलला सुरू होते. १८८६ पासूनची ही व्यवस्था आहे. पुढे शाळांचे वर्षही एप्रिलला जोडले गेले. त्यामुळे पदवीदान, निवृत्ती, बदल्या हे सारे मार्चमध्येच एकवटते. अशा निरोपसमारंभाला तिकडे ‘सोबेत्सुकाई’ म्हणतात. चेरीचा बहर आणि ताटातूट यांची सांगड जपानी मनात पक्की बसली, त्यामागे ऋतूइतकाच हिशेबाच्या वह्यांचाही हात आहे!

३/ यादीतले सर्वांत जुने गाणे ‘होतारू नो हिकारी’, म्हणजे ‘काजव्यांचा उजेड’. १८७९ मध्ये मेइजी सरकारने शालेय संगीतासाठी एक अन्वेषण-मंडळ नेमले. त्याचे प्रमुख इसावा शूजी अमेरिकेत शिकून आले होते. बॉस्टनमधील त्यांचे गुरू ल्यूथर व्हाइटिंग मेसन १८८० मध्ये जपानला आले आणि दुसऱ्याच वर्षी, १८८१ मध्ये, शाळांसाठी पहिले गीतपुस्तक तयार झाले. त्यात हे गाणे होते.

४/ चाल मात्र स्कॉटलंडची : ‘ऑल्ड लँग साइन’. ती जपानी कानांना परकी का वाटली नाही? कारण तिच्यात पाचच स्वर आहेत. सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर वगळणाऱ्या या स्वररचनेला जपानीत ‘योनानुकी’, म्हणजे ‘चार-सात-वगळून’, असेच नाव पडले. आपल्या भाषेत सांगायचे तर मध्यम आणि निषाद वर्ज्य. भूप रागाचे स्वर आठवा!

५/ शब्द नवे रचले गेले; ते इनागाकी चिकाई यांचे मानले जातात. आरंभी दोन चिनी विद्यार्थ्यांची कथा येते. दिव्याला तेल नाही म्हणून एकाने काजव्यांच्या प्रकाशात अभ्यास केला, तर दुसऱ्याने खिडकीबाहेरच्या बर्फाच्या उजेडात. मूळ स्कॉटिश गीतात जुने मित्र पेला उंचावतात. जपानी गीतात मुले पुस्तक मिटून शाळेचा निरोप घेतात. चाल तीच, पण मद्याच्या जागी विद्या आली.

६/ आता कमी ठाऊक असलेली गोष्ट. या गीताला चार कडवी होती. शेवटच्या दोन कडव्यांत राष्ट्रनिष्ठा होती आणि चौथ्यात देशाच्या सीमा सांगितल्या होत्या : चिशिमा, म्हणजे कुरील बेटे, आणि ओकिनावा. कुरील बेटे १८७५ च्या करारान्वये जपानला मिळाली होती. र्‍युक्यूचे राज्य मोडून ओकिनावा प्रांत घडवला गेला तो १८७९ मध्ये, गाण्याच्या जेमतेम दोन वर्षे आधी. कालपर्यंत परके असलेले प्रदेश मुलांच्या ओठी ‘आपले’ होत होते.

७/ साम्राज्य वाढत गेले तसे हे कडवेही बदलत गेले. पुढे त्यात तैवान आले आणि काराफुतो, म्हणजे दक्षिण साखालिन, आले. १९४५ च्या पराभवानंतर ही कडवी गायनातून गळून पडली. आज पहिली दोनच म्हटली जातात. निरोपाच्या गाण्यालाच असा निरोप मिळाला आणि गाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पनाही नसते.

८/ दुकाने बंद होताना जपानमध्ये हीच धून ऐकू येते. पण नीट ऐकल्यास ठेका तीन मात्रांचा असतो. तो आला ‘वॉटर्लू ब्रिज’ या १९४० च्या अमेरिकी चित्रपटातून. तो जपानमध्ये १९४९ साली लागला आणि संगीतकार कोसेकी यूजी यांनी त्यातल्या वॉल्ट्झची ध्वनिमुद्रिका ‘यूजीन कॉस्मन’ या परदेशी वाटणाऱ्या टोपणनावाने काढली. कालच्या शत्रुदेशाची चाल आता ग्राहकांना घराची वाट दाखवू लागली.

९/ दुसरे जुने गाणे ‘आओगेबा तोतोशी’, १८८४ चे. यात विद्यार्थी गुरुजनांचे ऋण मानतात. हे अस्सल जपानी की परदेशी, यावर शतकभर तर्क चालले. २०११ मध्ये प्राध्यापक साकुराई मासातो यांना १८७१ च्या एका अमेरिकी गीतपुस्तकात हीच चाल सापडली. तिथे विषय होता सहाध्यायांचा वियोग. गुरूची थोरवी जपानमध्ये जोडली गेली. ‘मोठे व्हा, नाव कमवा’ असे सांगणारे दुसरे कडवे युद्धोत्तर काळात अनेक शाळांनी वगळले.

१०/ इथवर गाणे सरकार देत होते आणि सारे एकसुरात म्हणत होते. मग माइक एकेकाच्या हाती कसा आला? १९६७ मध्ये टोकियोच्या नेगिशी शिगेइची यांनी नाणे टाकून चालणारे पहिले गायनयंत्र बनवले. १९७१ मध्ये कोबे शहरात, मद्यालयांत साथ करणाऱ्या इनोउए दाइसुके या वादकाने स्वतंत्रपणे तसेच यंत्र उभे केले. एका ग्राहकाला सहलीत त्याची साथ हवी होती. स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने साथ मुद्रित करून दिली. तिथून कल्पना सुचली आणि ११ यंत्रे भाड्याने फिरू लागली.

११/ ‘कारा’ म्हणजे रिकामा; ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे लघुरूप. वादकांवाचून वाद्यवृंद! इनोउए यांनी एकस्व घेतलेच नाही, त्यामुळे जगभरच्या धंद्यातून त्यांना काहीच मिळाले नाही. मिळाले ते २००४ चे, गमतीने दिले जाणारे ‘इग नोबेल’ शांतता पारितोषिक. १९८५ मध्ये ओकायामा प्रांतात मालवाहू कंटेनरची खोली झाली आणि अनोळखी श्रोते दूर झाले. आता श्रोते फक्त आपली माणसे.

१२/ या खोलीत निरोपाला हमखास निवडले जाणारे गाणे ‘ओकुरू कोतोबा’, १९७९ चे. ताकेदा तेत्सुया यांनी एका लोकप्रिय दूरदर्शन-मालिकेत शिक्षकाची भूमिका केली आणि हे तिचे शीर्षकगीत त्यांच्याच ‘काइएनताई’ या चमूने गायले. सारा देश ते गुरूने शिष्यांना दिलेला निरोप समजतो. शब्द लिहिणाऱ्या ताकेदांनी मात्र सांगितले आहे की हे गीत त्यांच्या स्वतःच्या विफल प्रेमाचे आहे!

१३/ निवृत्त होणाऱ्या ज्येष्ठासाठी मंडळी बहुधा मिसोरा हिबारीच्या ‘कावा नो नागारे नो यो नी’कडे वळतात. आयुष्याला नदीची उपमा देणारे हे गाणे ११ जानेवारी १९८९ ला स्वतंत्रपणे प्रकाशित झाले. त्याच्या चारच दिवस आधी सम्राट हिरोहितो निवर्तले होते आणि शोवा युग संपले होते. २४ जूनला, वयाच्या ५२ व्या वर्षी, हिबारीही गेली. तेव्हापासून ते एका युगाच्या निरोपाचे गाणे ठरले.

१४/ आणि शेवटचे, ‘ताबिदाची नो ही नी’. १९९१, सैतामा प्रांतातील चिचिबू गावची कागेमोरी माध्यमिक शाळा. संगीतशिक्षिकेने मुख्याध्यापक कोजिमा नोबोरू यांना शब्द लिहिण्याची विनंती केली. आपल्याला जमणार नाही, असे ते आधी म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर कवितेचा कागद होता. निरोपाच्या कार्यक्रमात शिक्षकांनीच ते गाणे मुलांसाठी म्हटले. एकदाच म्हणायचे, असे ठरले होते. मुख्याध्यापकही त्याच वर्षी निवृत्त झाले.

१५/ पुढल्या वर्षी मुलांनी ते आपणहून म्हटले. मग शेजारच्या शाळांनी, मग देशभर. आज पदवीदानात त्याने जुन्या ‘आओगेबा तोतोशी’ला मोठ्या प्रमाणात मागे सारले आहे. एकेकाळी विद्यार्थी गुरूंचे ऋण मानत होते, ते राज्याने सांगितले म्हणून. इथे गुरूंनी विद्यार्थ्यांसाठी गायले, तेही कुणी न सांगता.

१६/ ही यादी पुन्हा पाहा. स्कॉटलंडची मैत्री, अमेरिकी शाळेतला वियोग, एका तरुणाचे फसलेले प्रेम. यांतले प्रत्येक गाणे ज्या कामासाठी आज गायले जाते, त्यासाठीच जन्मलेले नाही. आणि खास निरोपासाठी लिहिलेले ‘ताबिदाची नो ही नी’ तर एकदाच म्हणायचे होते! गाण्याचा अर्थ रचणारा ठरवतो, सरकारही ठरवू पाहते. पण अखेरचा शब्द गाणाऱ्यांचा.

१७/ आपणही या कथेच्या बाहेर नाही. रवींद्रनाथांनी हीच स्कॉटिश चाल बंगालीत आणली. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षांत संचलनाच्या शेवटी छात्र याच धुनीवर संथ पावलांनी बाहेर पडतात. कोरियाने एकेकाळी आपले राष्ट्रगीत याच चालीत गायले. एक चाल, किती निरोप!

१८/ तेव्हा त्या खोलीतल्या मंडळींनी कोणतेही गाणे निवडले, तरी ते चुकणार नाहीत. फक्त ‘काजव्यांचा उजेड’ निवडलाच, तर गळून पडलेल्या दोन कडव्यांची आठवण ठेवावी. विसरलेली कडवीही इतिहासच असतात.

तुमच्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या निरोपसमारंभात कोणते गाणे म्हटले गेले? ते मुळात कशासाठी लिहिले होते, हे शोधून खाली जरूर लिहा.

(समाप्त)