ध्वनिमुद्रिका आणि काव्येतिहास : ‘शीळ’ या कवितेच्या निमित्ताने

काव्याचा इतिहास लिहिताना अभ्यासक सामान्यतः काव्यसंग्रहाच्या प्रकाशनवर्षाचा आधार घेतो. ही पद्धत सोयीची आहे, आणि बहुतेक कवींच्या बाबतीत तिच्यामुळे फारसा घोटाळा होतही नाही. ना. घ. देशपांडे यांच्या बाबतीत मात्र तो होतो. त्यांची ‘शीळ’ ही कविता १९२९ सालची. जी. एन. जोशी यांच्या आवाजात तिची ध्वनिमुद्रिका निघाली ती १९३२ साली, आणि याच नावाचा कवीचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला तो १९५४ साली. ध्वनिमुद्रिका आणि संग्रह यांच्यामध्ये बावीस वर्षांचे अंतर आहे. या अवधीत कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ (१९४२) येऊन गेला होता, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) येऊन गेल्या होत्या, आणि मराठी कवितेच्या चर्चेची परिभाषाच पालटून गेली होती. संग्रहाच्या सालावरून कालक्रम लावणाऱ्याला ‘शीळ’चा कवी नवकाव्यानंतर उगवलेला, मागे राहिलेल्या वळणाचा कवी वाटतो. ध्वनिमुद्रिकेच्या सालावरून क्रम लावला तर तोच कवी अनिलांच्या ‘फुलवात’ (१९३२) या पहिल्या संग्रहाचा समकालीन ठरतो. कविता एकच असून तिचे ऐतिहासिक स्थान साधनाच्या निवडीनुसार बदलते. म्हणून ध्वनिमुद्रिका हे काव्येतिहासाचे साधन मानावे की नाही, हा प्रश्न केवळ संगीताच्या इतिहासकारावर सोपवून चालणार नाही.

या ध्वनिमुद्रिकेचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी तिच्यापूर्वीची स्थिती पाहिली पाहिजे. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे पहिले ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाले, आणि १९०८ साली तेथेच सियालदा येथे तबकड्या तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. मराठीपुरते बोलावयाचे तर कंपनीपुढे तयार माल होता तो रंगभूमीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून (१८८०) ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांपर्यंत पदांची एक मोठी परंपरा सिद्ध झाली होती, आणि ती पदे श्रोत्यांना आधीच पाठ होती. छापील नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ दिलेली असे. ही लहानशी सूचना भाषेच्या अभ्यासकाला बरेच काही सांगून जाते. पुष्कळदा चाल आधी ठरलेली असे आणि शब्द तिच्या मापाने बेतले जात. चीज मूळची हिंदी, ठुमरी किंवा ख्यालाच्या अंगाची. तिच्यात मराठी अक्षरे बसवताना ऱ्हस्वाचे दीर्घ होणे, जोडाक्षर फुटणे, सामासिक शब्दाचा मधल्याच स्वरावर भंग होणे या गोष्टी ओघानेच येत. श्रोत्याचे लक्ष गायकाच्या फिरतीकडे असल्यामुळे त्याला त्याचे वावगेही वाटत नसे.

दुसरी परंपरा काव्यगायनाची. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी कविता सभेत गाऊन दाखविण्याची प्रथा रूढ केली, आणि यशवंत, गिरीश यांच्या कविता या मार्गाने पुष्कळ लोकांच्या कानांवर गेल्या. तिकडे ग्वाल्हेरीस भा. रा. तांबे गेयतेचे भान ठेवून कविता लिहीत होते. तथापि काव्यगायनात कवी आणि गायक ही बहुधा एकच व्यक्ती असे. तेथे चालीचे काम कविता नीट पोहोचविण्यापुरते असे. चालीला स्वतंत्र रचनेचे मोल नव्हते. उलट नाट्यपदात रचनेचे मोल होते, पण शब्दांचे स्थान दुय्यम झाले होते. या दोन परंपरांच्या मधली जागा रिकामी होती, आणि ‘शीळ’च्या ध्वनिमुद्रिकेने ती भरून काढली.

जी. एन. जोशी आणि ना. घ. देशपांडे यांचा जन्म एकाच वर्षी, १९०९ साली, झाला. दोघेही विदर्भातले, आणि दोघांनीही वकिलीची पदवी घेतली. जोशी हे कोणत्याही नाटक मंडळीचे नट नव्हते. कोणत्याही घराण्याचे प्रतिनिधी म्हणून ते पुढे आलेले नव्हते. आणि बोलपट तर मराठीत १९३२ मध्येच ‘अयोध्येचा राजा’पासून बोलू लागला होता. त्यामुळे आधीच लोकप्रिय झालेल्या पदांचे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते. अशा स्वतंत्र गायकाला ध्वनिमुद्रण करावयाचे तर नवीन शब्द हवेत, आणि ते आपल्याच प्रांतातील, आपल्याच वयाच्या कवीकडे त्यांना मिळाले. कविता आधी पूर्ण झालेली होती. चाल जोशी यांनी नंतर लावली. ‘आधी चाल, मग शब्द’ हा रंगभूमीवरील क्रम येथे उलटला गेला. मराठी भावगीताच्या इतिहासात या ध्वनिमुद्रिकेला आरंभस्थान दिले जाते, ते केवळ तिच्या लोकप्रियतेमुळे नव्हे. क्रमातील हा पालट तिने रूढ केला, हे त्याचे खरे कारण मानले पाहिजे.

हा पालट नेमका याच वेळी शक्य व्हावा, याला यंत्राचीही साथ होती. १९२५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणात गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून आवाज लावावा लागे. त्या पद्धतीत दर सेकंदास सुमारे अडीच हजार कंपनांच्या वरचे ध्वनी जवळजवळ नोंदलेच जात नसत. स्वर, विशेषतः दीर्घ आणि जोरकस स्वर, चांगले उमटत. पण श, स यांसारख्या ऊष्म वर्णांचे बहुतेक सामर्थ्य त्या मर्यादेच्या वर असल्यामुळे ते बोथट होत. जुन्या तबकड्यांतील शब्द कळत नाहीत याचा दोष सर्वस्वी गायकाच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे. सूक्ष्मध्वनिग्राहक, म्हणजेच मायक्रोफोन, आला तेव्हा ही मर्यादा जवळजवळ दुप्पट वर सरकली, आणि हलक्या, बोलण्याला जवळच्या आवाजात गाणेही शक्य झाले. ज्या कवितेच्या नावातच ‘श’ हा वर्ण आहे, ती ऐकून कळण्यासारखी झाली ती या सुधारणेनंतर. भावगीत-गायनात शब्दोच्चाराला पुढे जे महत्त्व आले, त्याचे श्रेय गायकाच्या अभिरुचीइतकेच या यंत्रालाही द्यावे लागते.

यंत्राने एक बंधनही घातले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे. ख्यालगायकाला हे बंधन जाचक होते. कवितेला ते तितकेसे जाचक नव्हते. ध्रुवपद आणि तीन-चार कडवी एवढा आकार या मापात नेमका बसतो. पण याच मापाची पुढे सवय जडली. कवी गाण्यासाठी म्हणून लिहू लागले तेव्हा कवितेची लांबी आतल्या गरजेने ठरत होती की तबकडीच्या मापाने, हे पुष्कळदा सांगता येत नाही. काही समीक्षकांनी भावगीताकडे तुच्छतेने पाहिले त्यामागे ही शंका होती, आणि ती निराधार नव्हती. ‘शीळ’च्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही, कारण ही कविता ध्वनिमुद्रणाच्या तीन वर्षे आधी लिहिलेली आहे.

आता भाषेचा विचार. या कवितेत बोलते ती एक ग्रामीण तरुणी. आणि गातो तो पुरुष. पुरुषाने स्त्रीची भूमिका करण्याची प्रथा रंगभूमीवर होतीच. पण तेथे वेष, अभिनय आणि प्रसंग साहाय्याला असत. तबकडीवर यांतले काहीच नसते. बोलणारी कोण, कोणत्या थरातली, कोणाशी बोलते, हे सगळे श्रोत्याला संबोधनावरून आणि शब्दरूपांवरूनच कळावे लागते. देशपांडे यांनी म्हणूनच नायिकेच्या तोंडी ‘वेळ’ न घालता ‘येळ’ हे रूप घातले आहे. इ-ए या स्वरांपूर्वीच्या ‘व’चा लोप होणे किंवा त्याचा ‘य’ होणे हा मराठीच्या ग्रामीण बोलींतील सर्वपरिचित नियम आहे. विळ्याचा इळा, विस्तवाचा इस्तू आणि वेळेची येळ त्याच नियमाने होते. असे एक रूप योजिले की बोलणारीचा परिचय निराळा करून द्यावा लागत नाही. छापील पानावर हे रूप वाचकाला क्षणभर अडखळवते. ऐकताना तसे होत नाही. ज्याच्या घरात ते रूप रोज कानी पडते त्याला तर ते आपलेच वाटते.

दुसरा विशेष श्लेषाचा. ‘शीळ’ म्हणजे ओठांनी घातलेली साद. आणि ‘कुळशीळ’ या जोडशब्दात ‘शीळ’ म्हणजे शील, चालचलणूक. प्रियकराची साद आणि त्याच्या घराण्याची प्रतिष्ठा यांचा विरोध हाच कवितेचा विषय असल्यामुळे या दोन शब्दांचे एकरूप होणे हा निव्वळ शब्दखेळ राहत नाही. हा श्लेष सर्वस्वी उच्चारावर उभा आहे. संस्कृत वळणाचे ‘शील’ लिहिले की तो मोडतो. मराठी तोंडातले ‘शीळ’ ऐकले की तो उमगतो. म्हणजे कवितेच्या गाभ्याशी असलेली गोष्ट कानांसाठी योजिलेली आहे, आणि तिचे पहिले मोठे प्रकटन कानांसाठीच व्हावे हे तिच्या प्रकृतीला धरूनच झाले. १९३१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा दहाच्या आत होते, हे लक्षात घेतले म्हणजे पुस्तकाचा वाचक आणि तबकडीचा श्रोता यांतील फरक किती मोठा होता याची कल्पना येते. ज्या समाजाच्या तोंडची भाषा कवीने उचलली, त्यातील बहुसंख्यांना संग्रह हाती येऊनही वाचता आला नसता.

या घटनेचा परिणाम ‘भावगीत’ या शब्दाच्या अर्थावरही झालेला दिसतो. हा शब्द प्रथम आत्मपर, भावोत्कट, लहान कविता या व्यापक अर्थाने वापरला जाई. त्यातील ‘गीत’ हे पद बहुशः लाक्षणिक होते. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांच्या प्रसारानंतर ते पद वाच्यार्थाने घेतले जाऊ लागले, आणि भावगीत म्हणजे गाण्यासाठी चाल लावलेली कविता असा अर्थसंकोच झाला. मग मूळ अर्थासाठी समीक्षेला ‘भावकविता’ हा दुसरा शब्द जवळ करावा लागला. या वाटणीत एक मूल्यनिर्णयही दडलेला आहे. जी गायिली जाते ती भावगीत आणि जी वाचली जाते ती भावकविता, अशी विभागणी झाली की गायिल्या गेलेल्या कवितेची चर्चा काव्यविचारातून हळूहळू बाहेर पडते. देशपांडे यांना ‘खूणगाठी’ (१९८५) या संग्रहासाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले ते १९८६ साली, म्हणजे ध्वनिमुद्रिकेनंतर चौपन्न वर्षांनी. विलंबाची इतर कारणे असतीलही. पण गीतकार म्हणून मिळालेली कीर्ती कवी म्हणून होणाऱ्या ओळखीच्या आड येते, हा अनुभव मराठीत त्यांच्या एकट्याचा नाही.

जोशी १९३८ मध्ये ध्वनिमुद्रण कंपनीच्या सेवेत दाखल झाले, आणि पुढे इतरांचे गायन-वादन मुद्रित करणे हेच त्यांचे मुख्य कार्य ठरले. त्यांचे स्वतंत्र गायकाचे पर्व असे अल्पकाळचे होते. पण त्या पर्वात घातलेला पायंडा टिकला. गजाननराव वाटवे यांच्या मैफलींनी समकालीन कवींच्या रचना घरोघरी नेल्या. आणि १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून सादर झालेल्या ‘गीतरामायणा’तील छप्पन्न गीतांतही ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांना सुधीर फडके यांनी चाली दिल्या. शब्दाच्या मागून चालीने जावयाचे, हा १९३२ सालचा क्रम तेथे गृहीतच धरलेला दिसतो.

यावरून अभ्यासकासाठी दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, १९३० नंतरच्या मराठी कवितेचा कालक्रम लावताना लेखन, ध्वनिमुद्रण आणि संग्रह या तिन्ही तारखा स्वतंत्रपणे नोंदविल्या पाहिजेत; त्यांतील एकीवरून दुसरीचे काम भागत नाही. दुसरी अशी की, ध्वनिमुद्रिका हा उच्चाराचाही पुरावा आहे. छापील संहितेत ‘येळ’ एवढेच दिसते. ते रूप १९३२ साली एका सुशिक्षित वैदर्भीय तोंडातून कसे बाहेर पडत होते, त्यातील स्वर किती दीर्घ होता, हे तबकडीखेरीज दुसरे कोणतेही साधन सांगू शकत नाही. हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविण्याची शिस्त मराठी संशोधनात चांगली रुजलेली आहे. तीच शिस्त गायिलेल्या कवितेला लावून कोणती कडवी गायिली गेली, कोणती गाळली गेली आणि कोणता शब्द गाताना बदलला याची नोंद झाली पाहिजे. लाखेच्या तबकड्या ठिसूळ असतात आणि त्यांतील पुष्कळशा खाजगी संग्राहकांच्या घरी आहेत. तेव्हा हे काम ज्या त्वरेने व्हावयास हवे, ती त्वरा ग्रंथालयांतील पोथ्यांच्या बाबतीतही क्वचितच लागली असेल.